‘व्हिसा लागत नाही’ म्हणणाऱ्याचं काय जातं?

सेलूच्या एका शिक्षिका मॅडमनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत नवरा-बायको, १६ वर्षांचा मुलगा आणि ७ वर्षांची मुलगी अशा चौघांनी व्हिएतनामला जायचं, येताना तीन दिवस बँकॉक करायचं. पासपोर्ट सगळ्यांचे आहेत, मुलीचा तर ती दीड वर्षाची असतानाच काढलेला. पुढं उन्हाळ्यात ६८ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन पशुपतिनाथ. अडचण अशी की एक व्हिडिओ म्हणतो व्हिएतनामचा व्हिसा उतरल्यावर मिळतो, दुसरा म्हणतो ४५ दिवस फ्री, तिसरा म्हणतो ई-व्हिसा आधीच काढा. एका वेबसाइटनं माणशी ६,८०० रुपये मागितले. थायलंडचं कुणी फ्री सांगतं, कुणी २,००० बात (तिकडचं चलन) भरायला सांगतं. नेपाळला आधार कार्ड चालतं असा मेसेज महिला मंडळाच्या ग्रुपवर आला. ‘यातलं खरं कुणाचं?’

मॅडम, आधी सरळ उत्तर. व्हिएतनामला भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा काढूनच जायचं, तो त्यांच्या सरकारच्या साइटवरून निघतो, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर. ६,८०० कुठून आले ते पुढं सांगतो. थायलंडला पर्यटनासाठी व्हिसा माफ आहे, पण पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट आहे. नेपाळला सासूबाईंचं आधार चालेल, तुमचं चालणार नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येतो. मी छत्रपती संभाजीनगरात २४ वर्षं तिकीट-व्हिसाचं काम करतो. धंदाच हा असल्यामुळं माझ्यावरही थोडी शंका ठेवूनच वाचा. एजंटचा फायदा लोक घाबरण्यात असतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तुम्ही बघितलेल्या व्हिडिओंपैकी बहुतेक खोटे नाहीत. ते दुसऱ्याच प्रश्नाची उत्तरं देतायत.

थायलंडचंच बघा. नोव्हेंबर २०२३ च्या आधी आपला माणूस बँकॉकला उतरला की व्हिसा ऑन अरायव्हलच्या रांगेत उभा राहायचा, २,००० बात भरायचा आणि १५ दिवसांचा शिक्का घ्यायचा. १० नोव्हेंबर २०२३ पासून त्यांनी भारतीयांना ३० दिवस व्हिसा माफ केला, तोही आधी सहा महिन्यांपुरता, मग मुदत वाढवली. १५ जुलै २०२४ पासून ३० चे ६० दिवस झाले. १ मे २०२५ पासून डिजिटल कार्ड सक्तीचं झालं. म्हणजे दोन वर्षांत चार वेळा चित्र बदललं. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्या दिवशीचं खरं सांगितलं आणि तो व्हिडिओ तिथंच राहिला. व्हिडिओला एक्स्पायरी डेट नसते, आणि ज्याला जास्त लोकांनी बघितलंय तोच वर येतो. जुन्यालाच बघायला वेळ जास्त मिळालेला असतो.

त्यात बातम्यांची भर. २०२५ मध्ये ६० दिवसांचे परत ३० करायचा विचार तिकडचं सरकार करतंय अशी बातमी आली. ‘विचार’ हा शब्द दोन फॉरवर्डमध्ये गळाला आणि माझ्याकडं फोन सुरू झाले, ‘थायलंड बंद झालं म्हणं!’ म्हणून माझं स्वतःचं लिहिलेलंही निघायच्या आठवड्यात दूतावासाच्या पानावर पडताळून घ्या. मी हे कधी लिहिलं आणि तुम्ही कधी निघालात, यात अंतर पडणारच.

इराणचं उलट झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी आपल्याला १५ दिवस व्हिसा माफ केला, तेव्हा ‘आता इराणही फ्री’ म्हणून रीलांचा पाऊस पडला. भारतीयांना नोकरीच्या आमिषानं तिकडं नेऊन ओलीस धरल्याचे प्रकार झाल्यावर २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती सवलत स्थगित झाली. रील मात्र कुणी काढून टाकले नाहीत.

व्हिएतनामच्या ४५ दिवसांची गोष्ट वेगळी आहे. ते ४५ दिवस खरे आहेत, पण ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, जपान अशा ठरावीक देशांच्या पासपोर्टला. १५ ऑगस्ट २०२३ पासून त्या लोकांना १५ चे ४५ दिवस मिळाले, आणि त्याच दिवशी ई-व्हिसाची मुदत सगळ्यांसाठी ३० वरून ९० दिवसांवर गेली. इंग्रजीत शोधलं की इंग्रजांसाठी लिहिलेलं सापडतं. लेखक लंडनचा, वाचक लंडनचा, मग ‘तुम्हाला व्हिसा लागत नाही’ यातला ‘तुम्ही’ कोण? सेलूत बसून वाचलं तर तो ‘तुम्ही’ आपणच वाटतो. मराठी रील बनवणारे पुष्कळ जण हेच इंग्रजी वाचून बोलतात, त्यामुळं भाषा आपली आली म्हणून माहिती आपली झाली असं धरू नका.

अजून एक अर्धं सत्य आहे फु क्वॉकचं. हे व्हिएतनामचं बेट. परदेशातून थेट तिथं उतरलात, किंवा वाटेत व्हिएतनामच्या दुसऱ्या विमानतळावर ट्रान्झिटच्या, म्हणजे विमान बदलायच्या भागातच राहून पुढं गेलात, आणि बेटावरच राहून तसेच परत फिरलात, तर ३० दिवस व्हिसा लागत नाही, भारतीयालाही नाही. तिथं जाऊन आलेल्यानं ‘व्हिएतनाम विदाउट व्हिसा’ असं नाव देऊन व्हिडिओ टाकला तर तो खोटं बोलला असं कसं म्हणणार? पण तुम्हाला हनोई, दा नांग, हो ची मिन्ह सिटी करायचंय. तुमच्या वाटेला तो नियम लागूच नाही.

म्हणजे ‘व्हिएतनामला व्हिसा लागतो का’ असा प्रश्नच अपुरा आहे. कुठला पासपोर्ट, कुठल्या तारखेला, कुठल्या वाटेनं आणि कशासाठी, हे चार तुकडे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नसतं. जो यातलं एकही न विचारता ‘नाही लागत’ म्हणतो, त्याला तुम्हाला काय हवंय हे माहीतच नाही.

‘फ्री’ या शब्दानं तर आमचा जीव खाल्लाय. केनियानं जानेवारी २०२४ मध्ये जगाला व्हिसा माफ केल्याचं जाहीर केलं आणि त्याच्या जागी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी आणली, ३० डॉलरची, निघायच्या आधी मंजूर करून घ्यायची. नाव गेलं, अर्ज आणि पैसे राहिले. श्रीलंकेनं २०२३ च्या शेवटी भारतीयांची फी माफ केली होती, अर्ज नाही. पुष्कळांना ते विमानतळावर कळलं. आपल्याजवळचं उदाहरण नांदेडचं. हुजूर साहिबला येणारे-जाणारे यात्रेकरू पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याबद्दल विचारतात, ‘तिथं तर व्हिसा नाही ना?’ ९ नोव्हेंबर २०१९ ला तो कॉरिडॉर उघडला तेव्हापासून भारतीयाला व्हिसा नाही, पण पासपोर्ट लागतो, आधी ऑनलाइन नोंदणी होऊन मंजुरी लागते आणि पलीकडं २० डॉलर भरावे लागतात. शिवाय मे २०२५ मध्ये भारतानं तो बंद केला. ‘भारतीयांना इतके देश व्हिसा-फ्री’ अशा याद्या बघता ना, त्यात व्हिसा-फ्री, उतरल्यावर मिळणारा आणि ऑनलाइन परवानगीवाला असे तिन्ही देश बहुतेक वेळा एकाच पोत्यात भरलेले असतात.

आता ते ६,८००. गुगलवर ‘व्हिएतनाम व्हिसा’ टाकलं की सगळ्यात वर जे येतं त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. ती जाहिरात. साइटवर व्हिएतनामचा लाल झेंडा, राजमुद्रेसारखं काहीतरी आणि ‘अर्जंट प्रोसेसिंग’. यातल्या काही निव्वळ ठग असतात, काही मध्यस्थ असतात, जे तुमचाच फॉर्म सरकारी साइटवर भरतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. मध्यस्थ असणं गुन्हा नाही, मीही मध्यस्थच आहे. फरक इतकाच की माझा पत्ता तुम्हाला माहीत आहे आणि फॉर्म चुकला तर तुम्ही माझ्या ऑफिसात येऊन टेबल वाजवू शकता.

पत्ता वाचायची एक सवय लावून घ्या: साइटचं नाव उजवीकडून वाचायचं. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटी येतं, मालक तो. व्हिएतनामची सरकारी साइट ‘जीओव्ही डॉट व्हीएन’नं संपते, थायलंडची ‘जीओ डॉट टीएच’नं, आपली ‘जीओव्ही डॉट इन’नं. नावात आधी कुठंही ‘गव्हर्नमेंट’, ‘ई-व्हिसा’, ‘ऑफिशियल’ असलं आणि शेवटी नुसतं ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ आलं, तर ती सरकारी नाही. पाटीवर ‘सरकारमान्य’ लिहिलं म्हणून दुकान सरकारी होत नाही, तसंच हे. थायलंडच्या फुकटच्या कार्डासाठीसुद्धा पैसे घेणाऱ्या साइटी निघाल्यात. जिथं कार्ड नंबर मागितला तिथून बाहेर पडा.

चुकीचं सांगणाऱ्याला त्या चुकीची किंमत मोजावी लागत नाही, सगळ्याचं मूळ मला इथं दिसतं. व्हिडिओवाल्याला तुम्ही बघितल्याचे पैसे मिळतात, तुम्ही पोचल्याचे नाही. ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या वहिनींचं काहीच जात नाही. किंमत मोजतो कोण? एक तुम्ही आणि दुसरी विमान कंपनी. कागदपत्र नसलेला प्रवासी नेला तर बऱ्याच देशांत कंपनीला दंड बसतो, शिवाय त्या माणसाला परत आणायची जबाबदारी तिच्यावरच. म्हणून चेक-इनच्या काउंटरवरची मुलगी इतकी कडक असते.

ती काय करते ते एकदा जवळून बघा. मुंबईला टी-टूवर रात्री दीडला मी एका ग्रुपला सोडायला गेलो होतो. शेजारच्या रांगेत एक जोडपं, लग्नाला महिना झाला नसेल, हातावरची मेंदी अजून उतरायची होती. तो मोबाईल पुढं करून सांगत होता, ‘मॅडम, हे बघा ना, यात क्लिअर म्हटलंय.’ तिनं मोबाईलकडं बघितलंसुद्धा नाही. पासपोर्टचा देश, जायचा देश आणि मधला विमानतळ कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. त्या स्क्रीनवर टिमॅटिक असतं. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना आहे, तिची ही माहिती-यंत्रणा. कोणत्या पासपोर्टला कुठं काय लागतं ते त्यात भरलेलं असतं आणि जगभरचे काउंटर त्यावर चालतात. स्क्रीनवर जे आलं तेच. नवरा अजून व्हिडिओ पुढं-मागं करत होता, बायको ट्रॉलीवरच्या बॅगेवर बसली होती. त्यांचं पुढं काय झालं मला माहीत नाही, माझ्या ग्रुपचं बोर्डिंग लागलं.

ती स्क्रीन तुम्हालाही घरबसल्या बघता येते. बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर ‘ट्रॅव्हल डॉक्युमेंट्स’ किंवा ‘व्हिसा अँड पासपोर्ट’ असं पान असतं, त्यामागं बहुधा हेच टिमॅटिक असतं. राष्ट्रीयत्व, राहता देश, मधले थांबे, तारखा भरा. इंग्रजी जरा रूक्ष आहे, पण तुम्हाला अडवणारा माणूस जे वाचणार आहे तेच तुम्ही आधी वाचताय. याच्या जोडीला त्या देशाच्या दूतावासाचं पान. व्हिएतनाम आणि थायलंड, दोघांचेही वाणिज्य दूतावास मुंबईत आहेत. ही दोन ठिकाणं जुळली की माझ्यासारख्याला विचारायची गरज नाही. जुळली नाहीत तर ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि त्याची प्रिंट जवळ ठेवा.

मधला थांबा भरायचा म्हटलं, ते मी माझ्या खिशातून शिकलोय. धंद्याचं चौथं वर्ष असेल. जालन्याच्या एका जोडप्याला मुलाकडं कॅनडाला जायचं होतं. कॅनडाचा व्हिसा पक्का. मी शोधून शोधून स्वस्त तिकीट काढलं, अमेरिकेतल्या एका विमानतळावरून विमान बदलायचं होतं. बाहेर तर पडायचंच नाही, मग कशाला व्हिसा, असं मला वाटलं, आणि एका प्रवासी साइटवर तसं लिहिलेलंही होतं. अमेरिकेला हे चालत नाही. तिथं नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीयाला अमेरिकेचा व्हिसा हवा. काका-काकू मुंबईला काउंटरवरून परत फिरले, सोबत मुलासाठी नेलेला वीस किलोचा फराळ. नवीन तिकिटाचे पैसे मी भरले. काकांनी मला एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं. ब्रिटनमधून जातानाही भारतीयाला ट्रान्झिट व्हिसा लागतो, त्यात अमेरिका-कॅनडासारख्या काही देशांचा वैध व्हिसा असला तर सूट आहे. म्हणजे कॅनडाला जायला लंडनची वाट जमली असती आणि अमेरिकेची नाही. हे तर्कानं कळणार नाही, वाचूनच कळतं.

नेपाळचं मात्र सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडून मुक्तिनाथ-पशुपतिनाथाला जाणारे खूप आणि घोळही खूप. भारतीयाला नेपाळचा व्हिसा नाही, हे खरं. पण ओळखपत्र कोणतं? विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार हे त्यासाठी ग्राह्य नाही. सूट आहे ती १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांना, त्यांना फोटो आणि वय दिसेल असं आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन चालतं. आधारचा समावेश गृहमंत्रालयानं जानेवारी २०१९ मध्ये केला. १५ ते १८ वयाच्या मुलाला शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखप्रमाणपत्र चालतं, तुमच्या मुलाला ते लागलं तर तुमच्या स्टाफरूममध्येच मिळेल! अर्थात त्याचा पासपोर्ट आहे, तोच न्या.

परभणी जिल्ह्यातल्या एका गावचा १४ जणांचा ग्रुप होता, तिकिटं त्यांनी स्वतः ऑनलाइन काढलेली. मला फोन आला तो दिल्लीच्या विमानतळावरून. ‘साहेब, आधार तर सगळीकडं चालतंय की! बँकेत चालतंय, रेशनला चालतंय, इथंच काय झालं?’ ‘आधार चालतं’ हा मेसेज पूर्ण खोटा नव्हता, त्यातली वयाची अट तेवढी कुणीतरी खाल्ली होती. झालं असं, की ६५ वरचे पाच म्हातारे-म्हाताऱ्या जाऊ शकत होत्या आणि त्यांना सांभाळायला निघालेली चाळिशीतली पोरं-सुना अडकली. म्हातारी माणसं एकटी जायला तयार होईनात. दोघांकडं मतदार कार्ड पाकिटात निघालं. बाकीच्यांची गावात कपाटात, फोटो काढून पाठवले तर काउंटरवर मूळ कार्ड मागितलं. शेवटी एक पुतण्या सगळी कार्डं पिशवीत घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला, तिथून सकाळच्या विमानानं दिल्लीला. दोन दिवस धर्मशाळेत गेले, तिकिटांचे पैसे बुडाले, पण दर्शन झालं. रक्सौल किंवा सुनौलीकडून रस्त्यानं गेलेला कुणीतरी येऊन सांगतो, ‘आम्हाला कुणी काही विचारलंच नाही.’ त्याचा अनुभव खरा आहे, तो विमानाचा नाही इतकंच.

कागदांकडं वळतो, कारण व्हिडिओत हे कधीच नसतं. पासपोर्टवर जन्मस्थान ‘औरंगाबाद’ छापलेलं असेल तर व्हिसाच्या फॉर्मवर ‘औरंगाबाद’च लिहायचं, जिल्ह्याचं नाव बदललं तरी. उस्मानाबाद-धाराशिवचंही तेच. फॉर्मवाल्या देशाला आपलं नामांतर माहीत असायचं कारण नाही, त्याला पासपोर्ट आणि फॉर्म एकसारखे हवेत. नाव बदलाबद्दल तुमचं मत काहीही असो, ते इथं दाखवू नका. पत्त्याच्या रकान्यात आजचा पत्ता लिहा, तो वेगळा रकाना.

नावांचा घोळ याहून मोठा. जुन्या बायामाणसांच्या पासपोर्टवर पुष्कळदा आडनावाचा रकाना रिकामा आणि सगळं नाव एकाच रकान्यात असतं, किंवा नुसतंच पहिलं नाव. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा नाकारायला सुरुवात केली तेव्हा दुबईला लेकाकडं निघालेल्या कितीतरी आया अडकल्या. नंतर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव मागच्या पानावर असेल तर चालेल असं स्पष्टीकरण आलं. तुमच्याकडं माहेरचं नाव पासपोर्टवर आणि सासरचं आधारवर असेल तर तिकीट पासपोर्टप्रमाणं. त्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ कमी-जास्त असला तरी पासपोर्टवर आहे तसाच ठेवायचा.

तुम्ही विचारलं नाही, पण शाळेत दहावी-बारावीची पोरं तुमच्यासमोर असतात म्हणून एक सांगून ठेवतो. ‘टुरिस्ट व्हिसावर या, तिथं आल्यावर वर्क परमिट करून देऊ’ हा ऑनलाइन मिळणाऱ्या सगळ्या सल्ल्यांमधला सगळ्यात घातक सल्ला आहे. थायलंडला व्हिसा नाही, याचाच फायदा घेऊन डेटा एंट्रीच्या नोकरीच्या नावाखाली पोरं बँकॉकला उतरवतात आणि सीमेपलीकडं म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेऊन कोंडतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारनं हवाई दलाची विमानं पाठवून थायलंडच्या मे सोतमधून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. बाहेरदेशी नोकरीला पाठवणारा एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते नाव टाकून बघता येतं, आणि त्यानं जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घ्यायची आहे. दीड-दोन लाख मागणारा भेटला तर तिथंच उठा. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे नोकरीला बाहेर जाताना तपासणी हवी, असा शेरा असतो. त्यावर फिरायला जायला बंदी नाही, पण आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जायचं तर आधी आपल्याच सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. याचंही उलटंसुलटं खूप फिरतं.

आजकाल लोक एआयला विचारून येतात. मीही विचारतो. ते उत्तर इतक्या सफाईनं देतं की आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरानं तसं दिलं असतं तर मी त्याला पगारवाढ दिली असती. पण त्यानं २०२२ चं, २०२४ चं, लंडनचं आणि दिल्लीचं एकत्र कालवलेलं असतं आणि कालवण म्हणून ते चवीला चांगलंच लागतं. त्याला ‘हे कुठल्या सरकारी पानावर आहे’ एवढं विचारा आणि ते पान स्वतः उघडा. पान उघडलं नाही किंवा तिथं तसं काही नसलं, तर उत्तर मिळालं.

एजंटलाही असंच तपासा. व्हिसाची हमी देणारा एजंट खोटा, कारण शिक्का दूतावास मारतो, आम्ही नाही. सरकारी फी किती आणि तुमची किती, हे वेगवेगळं लिहून मागा. सरकारी पावती दाखवायला का-कू करणाऱ्याकडं पासपोर्ट सोडू नका. ‘डमी तिकीट, डमी हॉटेल लावून देतो’ म्हणणारेही आहेत. खोटा कागद पकडला गेला तर नकार तुमच्या नावावर चढतो, आणि पुढच्या प्रत्येक देशाच्या फॉर्मवर ‘पूर्वी व्हिसा नाकारलाय का’ या रकान्यात तुम्हाला ‘हो’ लिहावं लागतं. एजंटला नाही.

तुमच्या फॉर्मचं थोडं. व्हिएतनामच्या ई-व्हिसाला तीन कामाचे दिवस सांगतात, तुम्ही तीन आठवडे आधी भरा, त्यांची सुट्टी मध्ये आली तर काहीच हलत नाही. कुठल्या विमानतळावर उतरणार ते फॉर्ममध्ये निवडावं लागतं, म्हणून आधी तिकीट ठरवा. तारीख निघण्याची नाही, उतरण्याची. मुंबईहून रात्री निघालात तर तिथं उजाडलेलं असतं, घड्याळ आपल्या दीड तास पुढं. व्हिसा एक दिवस आधीपासून सुरू झाला तर बिघडत नाही, एक दिवस उशिरा सुरू झाला तर काउंटरवरूनच परत. मुलांचा ई-व्हिसा वेगळा, आई-बापाच्या व्हिसात ती येत नाहीत. व्हिएतनाममध्ये एकदाच शिरून पुढं बँकॉकला जाताय, म्हणून २५ डॉलरवाला पुरेसा. पण बँकॉकहून परत हो ची मिन्हला येऊन मुंबईचं विमान धरायचं ठरवलंत, तर ५० वाला. तिकीट स्वस्त दिसतं म्हणून ही वाट लोक घेतात आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा ठेवतात.

आणि एक, खरं तर हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. १५ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट दहा नाही, पाच वर्षांचा असतो. धाकटीचा दीड वर्षाची असताना काढलात, ती आता सातची आहे. म्हणजे तो केव्हाच संपलाय, आणि पाचसहा वर्षांत तिचा चेहराही बदललाय. मुलाचाही बघा. प्रवेशाच्या तारखेपुढं किमान सहा महिने शिल्लक हवेत. पासपोर्ट सेवाच्या सरकारी साइटवर री-इश्यूचा अर्ज करा, ३६ पानी पासपोर्टला मुलांची साधी फी १,००० रुपये आहे. अ‍ॅनेक्शर डी या संमतीपत्रावर आई-बाप दोघांच्या सह्या लागतात. जवळच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख मिळतेय का ते आज रात्रीच बघा, दिवाळी जवळ आली की तिथं गर्दी होते. नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत तिच्या ई-व्हिसाचा फॉर्म उघडूसुद्धा नका. नंबर बदलणार आहे.